लिंबोणीचा निर्जळी उपास

६ फेब्रुवारी १९९४, रविवार. काम : परसातल्या लिंबोणीला खत घालणे.

काम एवढंच. एक खुरपं, एक घमेलं, एक बाई. पण आमच्या घरात एखादं काम एका बाईनं उरकलं, तर ते झालं असं कुणी धरत नाही. त्याला माणसं जमावी लागतात. माणसं जमली की मतं पडतात आणि मतं पडली की चहा ठेवावा लागतो. त्यामुळे सकाळी खुरपं घेऊन परसात उतरलेली मी थोड्याच वेळात गाळणं घेऊन ओट्याशी उभी होते, आणि लिंबोणीभोवती पुरुषमंडळी उभी होती.

पुरुषमंडळी म्हणजे दोघंच. एक आमचे हे, साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला. दुसरे माझे धाकटे दीर, लष्करातून सुभेदार होऊन नुकतेच निवृत्त झालेले. पण या दोघांची मतं मिळून एक ग्रामसभा सहज भरत असे.

इस्लामपूरला गावाबाहेरच्या नव्या वस्तीत घर बांधून आम्ही राहायला आलो, त्या वर्षी मी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर कागदी लिंबाचं रोप लावलं होतं. आता त्याची चांगली दणकट लिंबोणी झाली होती. पान असं हिरवंगार की लांबून बघणाराला हेवा वाटावा. काटे असे की जवळ जाणाराला पश्चात्ताप व्हावा. लिंबू मात्र एक नाही. फूलही नाही. मी मंडईतून लिंबं विकत आणायची आणि त्याच झाडाच्या सावलीत बसून लोणच्यासाठी चिरायची. झाडाला त्याची काही लाज वाटल्याचं दिसलं नाही.

आमच्या ह्यांना ते झाड तोडून तिथं एक खोली काढायची होती. खोली कुणासाठी, तर भावजींसाठी. म्हणजे सुभेदारांसाठी.

भावजींना गावी घर नव्हतं असं नाही. नदीकाठी त्यांचं चौसोपी नाही, पण चांगलं पक्कं घर होतं, ऊस होता, म्हशी होत्या. अडचण होती ती जाऊबाईंची. भावजी नोकरीभर वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचे. बाकी सगळं वर्ष जाऊबाईंनी घर, रान, म्हशी, सोसायटीची कामं एकटीनं ओढली. सगळं कसं जागच्या जागी बसवलेलं. आता त्या घरात एक सुभेदार कायमचा कुठं ठेवायचा, हे त्यांना समजेना. भावजींनी पहिल्याच महिन्यात गोठ्यातल्या म्हशी उंचीप्रमाणे बांधून घेतल्या. दुसऱ्या महिन्यात जाऊबाईंनी आमच्याकडे निरोप धाडला, की तालुक्याच्या गावी राहिलं तर ह्यांना पेपर वाचायला मिळतो आणि पेन्शनचंही सोयीचं पडतं.

मला झाडाचा लळा होता असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. मला खिडकी हवी होती. खोली झाली की स्वयंपाकघरातला एकुलता एक उजेड बंद होणार, आणि भिंतीपलीकडे भावजी येणार. भिंतीपलीकडे म्हणजे चहाला, नाश्त्याला, दोन्ही वेळच्या जेवणाला भिंतीअलीकडे. भाकरी गोल का नाही, डबे उंचीप्रमाणे का नाहीत, हे मला उरलेलं आयुष्य ऐकायचं नव्हतं.

तेव्हा मी हरकत घेतली, की फळतं झाड तोडू नये.

"फळतं कुठाय?" आमच्या ह्यांनी विचारलं. मुद्दा बरोबर होता, म्हणून मला राग आला.

शेवटी ठरलं ते असं. पाडव्याला पाया खोदायचा. त्याआधी लिंबोणीला फूल दिसलं तर खोली रद्द. नाही दिसलं तर कुऱ्हाड. भावजींसमोरच ठरलं. "मंजूर," ते म्हणाले, आणि लगेच झाडाच्या खुराकाची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली.

"अहो भावजी, झाड वांझ राहिलं तर खोली तुम्हाला मिळणार. आणि खत तुम्हीच घालणार?"

"मंग? वैनी, राशनात कसूर नको. हारलं तर झाड हारलं पायजे, आपन न्हाई."

तर त्या रविवारी हे गृहस्थ एसटीच्या टपावरून युरियाचं पोतं घेऊन आले होते. एका झाडासाठी पोतं. त्या वर्षांत बाकीची खतं महागली होती आणि युरिया तेवढा स्वस्त राहिला होता, त्यामुळे खत म्हणजे युरिया आणि युरिया म्हणजे खत, अशी साऱ्या वाळवा तालुक्याची श्रद्धा होती. मी आदल्या दिवशी खताच्या दुकानात जाऊन आले होते. दुकानदारानं विचारलं, "किती एकर?" मी म्हटलं, "एक झाड." तो माझ्या मागं बघायला लागला, माझ्याबरोबर कुणी शहाणं माणूस आलंय का म्हणून. मग पोटॅश नाही, सुपर फॉस्फेट उद्या येईल, युरिया घ्या, आणि युरियाबरोबर ही एक हिरवी बाटली घ्यावीच लागेल, असं त्यानं सांगितलं. बाटलीत काय आहे, तर टॉनिक. कशाचं, तर सगळ्याचं. मी तशीच परत आले.

परसात आता हिशेब चालला होता. आमचे हे कारखान्यात उसाचे आकडे हाताळायचे, त्यामुळे त्यांना खत फक्त एकरी समजायचं. एकराला इतकी पोती, एकराचे गुंठे, गुंठ्याचे चौरस फूट, झाडाखालचे चौरस फूट. लिंबोणीला एकदा चिमूटभर युरिया बसला आणि एकदा अडीच घमेली. दोघांनी विचार केला आणि अडीच घमेली बरोबर वाटली.

"आधी चहा घ्या," मी म्हटलं. चहा घेता घेता भावजींना पेन्शनीतले कुणी दोस्त हाका मारून घेऊन गेले. त्या झाडाच्या आयुष्यातला पहिला उपकार त्या दोस्तांनी केला.

दुपारी माझा भाऊ आला. तो तासगावचा, द्राक्षबागायतदार. मुलीच्या साखरपुड्याचं सांगायला आला होता. परसात हात धुवायला गेला, तो तिथंच उभा राहिला. एक पान तोडून चुरगाळलं, वास घेतला, बुंध्याशी बोट खुपसून माती बघितली आणि हसायला लागला.

"आक्का, काय घालतीस ग हिला?"

"मी काही घालत नाही. येणारा-जाणारा घालतो."

"रोज पानी?"

"भांडी धुतल्याचं सगळं तिकडंच जातं."

"मग फुलंल कशाला? माजलीय ही. खायाला मिळतंय, प्यायाला मिळतंय, जिवाला घोर न्हाई. झाड फुलतंय कवा, तर मरायची भीती वाटली म्हंजी. हिला ताण दे." ताण देणं म्हणजे पाणी तोडणं. पानं मान टाकेपर्यंत, पिवळी पडून गळायला लागेपर्यंत थेंब द्यायचा नाही. द्राक्षवाल्यांच्या तोंडात हा शब्द सदा असतो. "थोडा उशीर झालाय," तो म्हणाला, "पर तुज्या परसात मुरमाची भर हाय, लवकर सुकंल. पानं गळाय लागली की मग शेणखत, पोटॅश आन् पानी. तवर उपाशी ठेव. युरियाकडं तर बगूच नगं."

म्हणजे खतांमधून निवड करायची ती अशी, की काहीच घालायचं नाही. हे मला फार पटलं. फुकट होतं आणि त्याला कुणाची मदत लागत नव्हती.

पण काही न करणं हे आमच्या घरातलं सगळ्यात अवघड काम. मी संध्याकाळी भावजींना सरळ सांगितलं, की आता महिनाभर खत नाही, पाणी नाही. ते हसले. "वैनी, तुमी आत जावा. झाडाचं मी बगतो." दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहते, तर स्वारी बादली घेऊन लिंबोणीकडे निघालेली. झाड उपाशी ठेवायचं ही कल्पनाच त्यांना लष्कराला काळिमा फासणारी वाटत होती.

मी खिडकीतूनच ओरडले, "थांबा! नवस बोललेय मी!"

माझा आणि नवसाचा संबंध तोवर एवढाच होता, की बाकीच्या बायका देवळात गेल्या की मी बाहेर चपला सांभाळायची. तरी ते शब्द माझ्या तोंडातून असे सफाईनं निघाले, की माझं मलाच कौतुक वाटलं. मी पुढं सांगितलं. माझ्या माहेरच्या देवीचा नवस आहे. लिंबोणीनं सव्वा महिना उपास करायचा. खत नाही, पाणी नाही. माहेरची देवी मुद्दाम घेतली, कारण भावजी गावच्या देवीच्या पुजाऱ्याला विचारायला कमी करणार नाहीत हे मला माहीत होतं.

भावजींनी बादली खाली ठेवली. पायातल्या चपला काढल्या. "आदी सांगायचं न्हाई व्हय?" ते हळू आवाजात म्हणाले आणि झाडाला हात जोडून मागं सरले. जे मला आणि भावाच्या शास्त्राला जमलं नाही ते नवसानं जमवलं. मी समाधानानं पोळ्या लाटायला बसले.

समाधान तिसऱ्या दिवशी संपलं. मी माझ्या ऑफिसातून घरी आले तर लिंबोणीच्या आळ्यात पिवळट काहीतरी घातलेलं. वर मुंग्यांची जत्रा.

"हे काय?"

"शेंगपेंड," भावजी म्हणाले. "अर्धं पोतं घातली. घाण्यावरची ताजी हाय."

"अहो, उपास आहे ना तिचा!"

"म्हनून तर. शेंगदाना उपासाला चालतो की."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा नव्हती. माणूस मनापासून बोलत होता. आमच्याकडे उपास म्हणजे शेंगदाण्याचा कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, वर शेंगदाण्याचा लाडू. उपासाच्या दिवशी आमची माणसं एरवीपेक्षा जास्त जेवतात. मग झाडानंच काय घोडं मारलं होतं? युरिया उपासाला चालत नाही, एवढं भावजींनी पाळलं होतं. पेंड फराळात बसत होती.

तेवढ्यावर भागलं नाही. आमच्या ह्यांनी नवसाची गोष्ट ऑफिसात सांगितली, ऑफिसातून ती घरोघर गेली आणि आळीतल्या बायका येऊ लागल्या. बुंध्याला हळदकुंकू लागलं. एकीनं सांगितलं, की आमच्याकडे वांझ झाडाला ग्रहणात मुसळानं मारतात. पण उपास बरा, सोवळा आहे. दुसरीनं उपासाला दूध चालतं म्हणून तांब्याभर दूध ओतलं. तिसरीनं तिच्यापेक्षा मोठा तांब्या आणला. चौथीनं केळी आणली. त्या आठवड्यात आमच्या लिंबोणीला जेवढा खुराक मिळाला तेवढा माझ्या बाळंतपणात मला मिळाला नव्हता.

शेजारी एक सिस्टर राहायच्या, सरकारी दवाखान्यात. मूळच्या कोरेगावच्या. त्यांच्या घरानं धम्म स्वीकारला त्याला एक पिढी उलटून गेली होती आणि त्यांच्याकडे नवस-सायास तेव्हापासूनच बंद होते. त्या कुंपणापाशी उभ्या राहून हा सोहळा बघत होत्या.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "तुम्ही आणि नवस? मला पहिल्याच दिवशी शंका आली."

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. हसून हसून त्यांनी कुंपणाची तार धरली. मग म्हणाल्या, "बायकांना विचारा, उपासाला सलाईन चालतं का. चालत असेल तर उद्या ड्यूटीवरून आणते."

"थट्टा पुरे. उपाय सांगा."

"उपाय काय त्यात? ऑपरेशनच्या आधी आम्ही पेशंटला काय सांगतो? तोंडातून काही नाही. पाणीसुद्धा नाही."

मी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, की हा साधा उपास नाही, निर्जळी आहे. मला देवीचा दृष्टान्त झाला. दृष्टान्तात देवी पेंडीबद्दल फार नाराज दिसली.

पेंड मी खराट्यानं खरवडून पोत्यात भरून ठेवली. बायका तांब्ये घेऊन आल्या त्या तशाच परतल्या, कारण आता परसाच्या दारात भावजी खुर्ची टाकून बसले होते. हातात काठी. "निर्जळी हाय! हॉल्ट! फुडं यायचं न्हाई! हळदकुंकू लांबनं!" आजूबाजूला शेळ्या होत्या, त्यांनाही ताकीद मिळाली. भांडी धुतल्याचं पाणी लिंबोणीकडे जायचं ते त्यांनी चर खणून दुसरीकडे वळवलं. येऊन-जाऊन पहारा जमेना, म्हणून ते सोमवारी राहिले. मग मंगळवारी राहिले. मग ट्रंक मागवली.

म्हणजे खोली होऊ नये म्हणून मी जो नवस बोलले, त्या नवसानं खोली व्हायच्या आधीच माणूस राहायला आणला. सोप्यातल्या कॉटवर त्यांचं अंथरूण घडी घालून चौकोनी ठेवलेलं दिसायचं आणि मला देवीचा खरोखरच कोप झाल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या दिवशी माझे डबे उंचीप्रमाणे लागले. मी ते परत पहिल्यासारखे लावले. चौथ्या दिवशी पुन्हा उंचीप्रमाणे.

मार्च उजाडला. उन्हं तापायला लागली. लिंबोणीची पानं कडेनं वळली, मग मिटल्यासारखी झाली, मग खालची पिवळी पडली. मला आनंद झाला. भावजींचं जेवण कमी झालं.

"वैनी, बगवत न्हाई आता," ते एकदा ओट्याशी येऊन म्हणाले. "नवस सोडायचा काय दंड असंल तो मी भरतो. देवीला बोकड देतो. पर पानी घालू द्या."

"अजून थोडे दिवस."

"मरंल ती."

"मेली तर तुम्हाला खोली मिळेल."

हे मी बोलायला नको होतं असं नाही. ते खरंच होतं. पण भावजी ओट्यापासून मागं सरले. मग उंबऱ्यावर बसून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोलीचं र्‍हाऊ द्या. नदीकडंचं रान बगितलंसा न्हवं तुमी? पांढरं झालंय. मीठ फुलतंय वर. आमीच केलं ते. बारा महिनं पाट चालू आन् पोत्यानं खत. आता काय बी टाकलं तरी उगवत न्हाई. हितं नुसतं तांब्याभर पानी टाकलं तरी पान हालतंय. म्हनून येतो मी."

त्यांचं रान मी पाहिलं होतं. क्षारपड झालेल्या जमिनी आमच्या भागात नव्या नाहीत. लांबून कुणी रांगोळी सांडल्यासारख्या दिसतात. ज्यांच्या रानात मीठ पिकलं, तेच मला खताबद्दल शिकवायला येतात, असं मी महिनाभर मनातल्या मनात म्हणत होते. आता तोंडावर म्हणायची संधी आली होती, तर मी चहाचं आधण ठेवलं.

"आणखी दोन दिवस," मी म्हटलं. "मग बघू."

दुसऱ्याच दिवशी माझा भाऊ साखरपुड्याचे पेढे घेऊन आला. मी त्याला काही सांगायच्या आत तो सरळ परसात गेला. पहाऱ्यावरच्या भावजींना त्यानं रामराम केला, लिंबोणीकडे एकदा पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "व्वा आक्का! ताण झकास बसलाय! मी सांगिटल्यापरमानंच केलंस की! सोड आता पानी!"

भावजी खुर्चीवरून उठले. एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. सुभेदार झालेला माणूस काही अगदीच भोळा नसतो.

"म्हंजी नवस न्हवता?"

"नव्हता," मी म्हटलं.

"देवी बी न्हाई?"

"देवी आहे. तिचा यात काही संबंध नाही."

भावाच्या लक्षात आलं की काहीतरी चुकलं. तो पेढ्यांचा पुडा उघडून उभा राहिला आणि कुणीच घेईना.

"महिना झाला," भावजी म्हणाले, "मी हितं काठी घिऊन बसलोय. बायकांस्नी आडवं जातोय. शेळ्या हाकलतोय. खोट्या उपासासाटी?"

"उपास खरा होता. नवस खोटा होता."

"मला सरळ सांगायचं हुतं की!"

"सरळ सांगितलं होतं. तुम्ही मला आत जा म्हणालात."

"तसं न्हवं." ते चिडले होते, पण त्यापेक्षा जास्त काहीतरी सांगायची धडपड चालली होती. "तुमी सांगिटलं ते इचारल्यावानी सांगिटलं. हुकूम न्हाई दिला. हुकूम दिला असता तर काय बिशाद हुती माजी? घरी आल्यापासनं मला कुनी हुकूमच दिला न्हाई, वैनी. सगळी म्हनत्यात, तुमी बसा."

इतका सोपा उपाय होता आणि मी देवीला मध्ये घातलं होतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मग हा हुकूम. आत्ता आळं उकरायचं. खोडापाशी नाही, खोडापासून दोन-तीन हात लांब, पानांचा घेर जिथं संपतो तिथं. वीतभर खोल चर, गोल. मुळ्या तोडायच्या नाहीत."

"जी," भावजी म्हणाले. आवाज एकदम वेगळा. पाठ ताठ. काठी भिंतीला टेकवून त्यांनी कुदळ घेतली.

चर असा गोल निघाला, की परकारानं काढावा. त्यात मी सिस्टरांच्या ओळखीनं मिळवलेलं कुजकं शेणखत घातलं. कुजकं, म्हणजे हातात घेतलं की मातीसारखं भुगा होणारं, वास न येणारं. ताजं शेण घालणारे घालतात आणि मग मुळ्या खाणारी हुमणी आली म्हणून रडतात. त्यात मूठभर पोटॅश, थोडं सुपर फॉस्फेट. दुकानात ते अखेर आलं होतं. हिरव्या बाटलीशिवाय मिळवायला मला तिथं अर्धा तास उभं राहावं लागलं. भावानं सांगितलं म्हणून भिजवलेल्या पेंडीच्या दोन ओंजळी. वर माती लोटली. "पहिलं पानी हलकं," भाऊ म्हणाला. मी भावजींना म्हटलं, "एक बादली. दुसरी नाही." त्यांनी एकच ओतली, झारीनं, गोल फिरून. आमचे हे तेवढ्यात ऑफिसातून आले आणि एकरी हे किती बसतं म्हणून विचारायला लागले. मी त्यांच्या हातात रिकामं घमेलं दिलं.

आता यापुढं लगेच फुलं यायला हवीत. ती येत नाहीत. आधी आली ती कोवळी पानं, लालसर, चकचकीत. भाऊ म्हणाला होता, कळी असली तर या नव्या फुटव्यातच असणार. मी रोज सकाळी बघत होते. पानं, पानं आणि पानं. आमच्या ह्यांनी गवंडी बोलावला. तो येऊन माप घेऊन गेला आणि जाता जाता लिंबोणीभोवती पांढऱ्या फक्कीची चौकोनी रेघ ओढून गेला. पायाची. माझ्या खिडकीतून पाहिलं की झाड त्या चौकोनात मुद्देमालासारखं उभं दिसायचं. घरात कुऱ्हाडीला धार लावण्याचा विषय निघायचा तेव्हा भावजी उठून बाहेर जायचे.

पाडवा तीन-चार दिवसांवर आला. संध्याकाळची वेळ. मी भाजी निवडत होते. भावजी झारी घेऊन परसात होते, एकटेच. झारीच्या पाण्याचा आवाज येता येता थांबला. मी खिडकीतून पाहिलं. ते एका फांदीवर वाकले होते, काट्यांत तोंड घालून. बराच वेळ तसेच.

पाच-सहा कळ्या होत्या, हे मी नंतर पाहिलं. तांदळाच्या कणीएवढ्या, कडेला जांभळट झाक. चिमटीत मावल्या असत्या. खुडून खिशात टाकल्या असत्या तर मला कळणार नव्हतं, झाडालाही नाही. खोली पक्की होती. रेघसुद्धा मारून तयार होती.

"वैनी!" भावजी असे ओरडले, की सिस्टर कुंपणापाशी धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला. "वैनी, भाईर या! फुललं! लिंबू फुललं!"

आमचे हे चष्मा शोधत आले. एवढ्यानं काय होतंय, कळ्या गळूनही जातात, असं काहीतरी त्यांनी सुरू केलं. भावजींनी त्यांना गप्प केलं. "दादा, ठरलं त्ये ठरलं. फळ धरायचं ठरलं न्हवतं. फूल ठरलं हुतं. खोली रद्द." मग पायानं फक्कीची एक बाजू पुसून टाकली आणि आत जाऊन अंथरुणाची वळकटी बांधायला घेतली.

रात्री जेवायला बसलो. "सकाळच्या गाडीनं जातो," भावजी म्हणाले. आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं असं त्यांना वाटत होतं, आणि ते त्यांच्या तोंडून निघेना. मी भावजींना भाकरी वाढली. ती गोल नव्हती. ते त्याबद्दल काही म्हणाले नाहीत, तेव्हा मला खरं बरं वाटेना.

"भावजी, ती फळं धरून राहायला रोज पाणी कोण बघणार? कमी-जास्त झालं की गळणार."

"तुमी हायसा की."

"मला ऑफिस आहे. ह्यांना एकराशिवाय कळत नाही. तेव्हा हुकूम ऐका. राहायचं गावी. जाऊबाईंच्या घरात. त्या जशा बांधतील तशा म्हशी बांधू द्यायच्या. रोज सकाळी जेवून खाऊन पहिल्या गाडीनं यायचं, झाड बघायचं, पेपर वाचायचा, दुपारचं इथं जेवायचं, आणि पाचच्या गाडीनं परत. माझ्या डब्यांना हात लावायचा नाही. युरिया बंद."

भावजींनी घास खाली ठेवला. "रोज?"

"रविवारी सुट्टी."

"जी," ते म्हणाले, आणि आणखी एक भाकरी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या पेन्शनच्या कागदातला एक जादा फोटो मागून घेतला, ऑफिसला जायच्या आधी एसटी स्टँडवर गेले आणि त्यांच्या नावाचा महिन्याचा पास काढला. टेबलापलीकडच्या माणसानं फोटो चिकटवता चिकटवता विचारलं, "रोज येणार? कुठं नोकरीला आहेत?"

"माझ्याकडे," मी म्हटलं. त्यानं शिक्का मारला.